एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम

काल दुपारी त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळत बसले होते. साडेसातशे लागतात. चारशेतीस झाल्या होत्या, मांडीवर कापूस पडला होता, बोटं दुधानं चिकट झाली होती, आणि फोन वाजला. पूनमचा होता. पूनम म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बिरप्पाची बायको. दोघं सोलापूरजवळ कुंभारीला घरकुलात राहतात. ती दुपारचा फोन कधी करत नाही.

"वन्सं, ह्यांना मुंबईहून फोन आलाय. लढत हाय म्हणं."

"कुणाची?"

"ह्यांचीच की. हैदराबादला ज्याच्यासंगं झालती, त्याच गड्यासंगं. जुन्या चॅम्पियन लोकांची लढत ठेवलीया. जानेवारीत. पट्टाबी ठेवणार हाईत म्हणं."

"आणि हा काय म्हणतोय?"

"काय म्हणायचं? कालधरनं दारात दोरीवरच्या उड्या चालल्यात. शेजारची म्हातारी मला विचारतीया, तुझ्या नवऱ्याला कुणी बांधून ठेवलंय का काय."

आम्ही दोघी हसलो. मग तिचा आवाज उतरला. "डॉक्टर काय म्हणालते ते तुमी ऐकलंय. डाव्या डोळ्यावर परत मार बसला तर डोळा गेला. माझं ऐकत न्हाईत. उद्या तुमच्याकडं भंडारा लावून घ्यायला येणार हाईत. जाऊ नको म्हणा. तुमचा शब्द मोडत न्हाईत ते."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वाती परातीत तशाच राहिल्या. माझा शब्द तो मोडत नाही हे खरंच आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या एका शब्दानंच त्याचा पट्टा गेला, हे मात्र पूनमला ठाऊक नाही. कुणालाच मी सांगितलेलं नाही. मग त्याला नको म्हणायचं ते कोणत्या तोंडानं, हा विचार काल रात्रभर डोक्यात होता.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मी वहीत एकवीस वेळा 'श्री बिरोबा प्रसन्न' लिहिते आणि खाली दिवसभराच्या चार ओळी. आज चार ओळींत मावणारं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आमची वस्ती मंद्रूपच्या पुढं, ओढ्याच्या अंगाला. घरात बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी; आईला आव्वा, धाकट्या भावाला तम्मा. आप्पांची मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. माझ्या पाठीवर आव्वाला तीन मुलं झाली, एकही राहिलं नाही. मग तिनं बिरोबाला साकडं घातलं आणि बिरप्पा झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आव्वा मेंढरांमागं जायची आणि पोर माझ्या काखेला असायचं. त्याला पहिला घास मी भरवला, पहिल्यांदा पडला तो माझ्याच हातून. अजून त्याच्या हनुवटीवर खूण आहे. लोकांना वाटतं ती लढतीतली आहे.

मेंढरं कातरायच्या दिवसांत धरायचं काम त्याच्याकडं असे. बाहेरच्या माणसाला वाटतं, मेंढरू धरायचं म्हणजे ताकद पाहिजे. तसं केलं तर ते दुप्पट झटके देतं, नाहीतर भिऊन जीव टाकतं. पुढचा पाय उचलायचा, हळूच ढुंगणावर बसवायचं, त्याची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची. पायांना जमीन सापडेनाशी झाली की ते गप होतं. नऊ वर्षांचा बिरप्पा स्वतःपेक्षा जड एडका असा बसवायचा. कळपातला तो मोठा शिंगाचा मेंढा, पण बिरप्पाच्या गुडघ्यांत पाव्हण्यासारखा बसायचा. बिरप्पा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहायचा आणि आप्पा कातर चालवायचे.

सातवीनंतर मी त्याला सोलापूरला माझ्याकडं आणलं. आमचं घर अक्कलकोट रोडला. चारी बाजूंना यंत्रमाग, बोलायचं तर ओरडून. माझे मालक सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्यांनीच त्याला तालमीत घातलं. शाळेत त्याचं मन लागलं नाही, तालमीत लागलं. तालमीतून आला की ओसरीवर बसायचा, अंगावरची लाल माती वाळून पडायची, आणि मी झाडू घेऊन उभी. "अक्का, ही माती झाडू नको, हनुमानाची हाय," म्हणायचा. मी म्हणायचे, "मग हनुमानाला सांग धुणं धुवायला."

एकोणिसाव्या वर्षी तो पुण्याला गेला, गादीवरच्या कुस्तीसाठी. दोन वेळा निवड चाचणीत थोडक्यात राहिला. परत यायला लाजला. एका व्यायामशाळेत गाद्या पुसायचं काम धरलं, आणि तिथंच हा खेळ बघितला. त्याचा फोन आला तो दिवस माझ्या वहीत आहे.

"अक्का, नवीन खेळ हाय. कुस्तीबी हाय, ठोसेबी हाईत, लाथाबी हाईत. एमएमए म्हणत्यात."

"आणि माती?"

"माती न्हाय. पिंजरा हाय. जाळीचा. दार लावून घेत्यात."

मी मालकांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "पिंजऱ्यात एक तर वाघ असतो, न्हाईतर पोपट. आपला मेव्हणा यातलं काय ते बघायला पाहिजे."

पहिली लढत मालकांच्या मोबाईलवर लागली तेव्हा मी देवघरात तोंड करून बसले होते. मालक एकटेच बघत होते आणि मला सांगत होते. आधी म्हणाले, पोपट. मग मोबाईल डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "अगं ये हिकडं. तुझ्या भावानं त्याला कातरायला बसवल्यावाणी बसवलाय."

मी वळून बघितलं. खरंच तसंच होतं. तो परका धिप्पाड मुलगा बिरप्पाच्या गुडघ्यांत पाठ टेकून बसला होता, त्याच्या पायांना जमीन सापडत नव्हती, आणि बिरप्पाचं तोंड त्याच्या कानाशी होतं. कोचनं नंतर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. हा म्हणाला, मेंढरांनी. सगळे हसले. पुढच्या आठवड्यात कोचनं त्याला उभा केला आणि सगळ्यांना शिकवायला लावलं.

चौदा लढती लढला, बारा जिंकल्या. त्यातली अठरा सालची पट्ट्याची. आपल्या देशातल्या त्याच्या वजनाच्या लढवय्यांत तो पहिला ठरला. मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी टेम्पोतून मिरवणूक काढली. हलगी, भंडारा, नुसतं पिवळं पिवळं. पट्टा बिरोबापुढं ठेवला. मग आप्पांनी तो उचलला, सगळ्यांच्या देखत एडक्याच्या गळ्यात घातला आणि मागं सरून बघितलं. "ह्येला बसतोय," म्हणाले. "आपल्या पोराचं पोट बारीक हाय."

आव्वा पट्ट्यावर नख मारून बघत होती. "सोन्याचा हाय व्हय?"

"न्हाय गं आव्वा," बिरप्पा म्हणाला. "आणि आपलाबी न्हाय. जिंकत ऱ्हायचं तवर आपल्याकडं. हारलो की दिऊन टाकायचा."

"असलं कसलं बक्षीस मग," आव्वा म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

या खेळात वजनाला फार महत्त्व. बिरप्पाचं एरवीचं वजन अडुसष्ट किलो. लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी काट्यावर एकसष्ट किलो दोनशे ग्रॅमच्या आत भरायचं. त्यासाठी महिनाभर जेवण कमी, मग मीठ बंद, आणि शेवटी पाणी बंद. तो रोज फोन करायचा. मी विचारायचे, "जेवलास का?" तो म्हणायचा, "अक्का, चौसष्ट." दुसऱ्या दिवशी, "त्रेसष्ट तीनशे." मी देवाच्या नावाखाली ते लिहायचे. माझ्या लेखी तो उपासच होता. देवासाठी नसेल, पण निर्जळी ती निर्जळीच. त्याचं पाणी बंद झालं की मीसुद्धा तो दिवस उपाशी राहायचे. मालक म्हणायचे, "हिचं वजन कोण करणार हाय?"

आता एकोणीस सालचा डिसेंबर. पट्टा राखायची लढत हैदराबादला होती. पुण्याहून हैदराबादला जाणारी गाडी सोलापूरला थांबते. "दहा मिनिटं थांबती, स्टेशनवर ये, पाया पडतो," तो म्हणाला. आदल्याच दिवशी वस्तीवर देवीची आंबील झाली होती. मार्गशीर्षात आमच्याकडं असते. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, ताक, मीठ, लसूण घालायचं, देवीला दाखवायचं आणि वाटायचं. मी प्रसाद म्हणून कडीच्या डब्यात भरून आणली होती. तीच घेऊन स्टेशनवर गेले.

तो उतरला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. गाल आत गेले होते, ओठ फुटले होते, डोळे मोठे दिसत होते. कोच डब्याच्या दारात फोनवर बोलत उभे होते. तो पाया पडला, मी भंडारा लावला, आणि डबा उघडून पेला भरला.

"घे. वस्तीवरची आंबील हाय."

"आज न्हाय अक्का. उद्या सकाळी वजन हाय."

"पाणी पी म्हणते का मी? परसाद हाय ह्यो. परसादानं उपास मोडत न्हाय."

हे माझं वाक्य. लहानपणापासून ऐकलेलं, शंभर जणांना सांगितलेलं. शिवरात्रीला, सोमवारी, कुणी अंगारा-प्रसादाला बिचकलं की सांगायचं. त्यानं हात मागं घेतलेला होता. मी पेला धरून तशीच उभी राहिले. प्रसाद पुढं आल्यावर त्याला नको म्हणायची आमच्या घरात कुणाला सवय नाही. त्यानं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एका दमात प्याला. मग पेला पुन्हा पुढं केला. मी दुसऱ्यांदा भरला. तोही प्याला. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता आणि ओठ चाटत होता. मी घरी आले ती समाधानानं. ते समाधान मला अजून आठवतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "अक्का, वजन जास्त भरलं." सकाळी तीनशे ग्रॅम जास्त होतं. एक तास देतात. त्या तासात अंगावर प्लॅस्टिकचे कपडे घालून पळाला, गरम खोलीत बसला, शेवटी डोक्याचे केससुद्धा उतरवले. तरी दीडशे ग्रॅम राहिलेच. नियम असा, की वजनात चुकलेला माणूस समोरचा तयार असला तर लढू शकतो, पण जिंकला तरी पट्टा त्याचा नाही. त्यानं पट्टा बरोबर नेला होता. लढायच्या आधीच तो टेबलावर ठेवावा लागला.

लढत त्यानं जिंकली. दुसऱ्या फेरीत डाव्या डोळ्यावर ठोसा बसला, तो सुजून मिटला, आणि तिसऱ्या फेरीत एका डोळ्यानं बघत त्यानं समोरच्याला तसाच खाली बसवला. इकडं मालक टाळ्या वाजवत उठले. मग माईक घेतलेल्या एका सूटवाल्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि एक माणूस पट्टा खांद्यावर टाकून आत निघून गेला. जिंकलेला माझा भाऊ बोडक्या डोक्यानं, मोकळ्या हातांनी पिंजऱ्यात उभा होता.

तिसऱ्या दिवशी मी तोच पेला घेऊन चन्नप्पाच्या किराणा दुकानात गेले. काट्यावर डबा ठेवला, मग त्यात दोन पेले पाणी ओतलं. तीनशे दहा ग्रॅम भरलं.

"काय वहिनी, पाणी विकायला काढताय का?" चन्नप्पा म्हणाला.

मी हसले, आणि साबुदाणा घेऊन घरी आले. त्यानंतर घरात आंबील केली नाही. मार्गशीर्षात वस्तीवर जायचं टाळायला दर वर्षी काहीतरी कारण काढलं. पुढं लॉकडाऊन लागलं, गाड्या बंद, दवाखान्यात जायची भीती. त्याच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता आणि तो म्हणत होता, सूज आहे, उतरेल. ऑपरेशन झालं तेव्हा उशीर झाला होता. निम्मी नजर वाचली. डॉक्टरांनी लढती बंद केल्या. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

पुण्याहून तो पूनमला घेऊन परत आला. आता शहरातल्या एका व्यायामशाळेत शिकवतो. बँकेतले साहेब येतात, बायका येतात. "सर, पोट कधी उतरंल?" विचारतात. तो कुणाला दमदाटी करत नाही, सगळ्यांशी गोड बोलतो, म्हणून त्याच्याच वेळेला गर्दी असते. वाईट चाललंय असं म्हणता येणार नाही. पण आमच्याकडं टीव्हीवर लढत लागली की उठून ओसरीवर जातो, आणि मी टीव्ही बंद करायला लागले की बाहेरून म्हणतो, "असू दे की, आवाज असू दे." रविवारी वस्तीवर जातो. कातरणीचे दिवस असोत-नसोत, एखादं मेंढरू गुडघ्यांत बसवून उगीच बसून राहतो. आप्पा म्हणतात, "सोड तेला. तेलाबी कामं असत्यात."

आज रविवार. तो अकराला आला. दोन दिवसांत दीड किलो उतरवलं म्हणाला. केस बारीक कापून आला होता आणि तोंडावर कितीतरी वर्षांनी तेज होतं. ते बघून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

"काय पाव्हणं," मालक म्हणाले, "परत पिंजरा म्हणं."

"दाजी, पोपट म्हातारा झालाय, पण चोच हाय अजून."

"चोच हाय, पण पिंजऱ्याचं दार कुणीकडं हाय ते दिसतंय का?"

तो हसला. मी चहा दिला. कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यानं हात पुढं केला तो कपाच्या पलीकडं गेला, मग मान पूर्ण वळवून त्यानं कप उचलला. मालक पेपर वाचत होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.

चहा झाल्यावर तो देवघरापुढं बसला. "अक्का, भंडारा लाव."

"लावते. आधी माझं ऐकून घे." आणि मी सांगून टाकलं. स्टेशन, आंबील, उपासाचं वाक्य, चन्नप्पाचा काटा, तीनशे दहा. सांगताना मी त्याच्याकडं बघत नव्हते, समईकडं बघत होते.

"हे तू मला सांगतीस?" तो म्हणाला. "मी पिलो आणि मलाच ठाऊक न्हाय व्हय? गाडी पुढच्या होटगी स्टेशनात पोचायच्या आधी मला कळलंतं."

"मग सहा वर्षं बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? पहिला पेला तू दिलास. दुसरा मी मागितला. दोन दिवस पाण्याचा थेंब न्हवता, अक्का. जीभ लाकडावाणी झालती. तेवढं ग्वाड मी जल्मात काय पिलो न्हाय. पट्टा गेला तेचं वाईट वाटतंय, रोज वाटतंय. पण पिलो तेचं वाईट वाटून घ्यायला बसलो की ती चवच आठवती." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाला, "म्हणून तू आंबील करायची सोडलीस व्हय? मला वाटलं दाजींना आंबट सोसत न्हाय."

"मला सगळं सोसतंय," मालक पेपरामागून म्हणाले. "मला इचारतंय कोण?"

मी विचारलं, "मग आता कशाला जातोस? पट्ट्यासाठी?"

"पट्टा द्यायचा तर देतील." तो देवघराच्या चौकटीवर बोटं फिरवत होता. "तुला कसं सांगू. बाहेर हजार माणसं वरडत असत्यात. आपुन आत जातो, मागनं दार लागतं, बाहेरनं कडी पडती. ती कडी पडली की सगळा आवाज लांब जातो. डोक्यात काय ऱ्हात न्हाय. घर न्हाय, पैसा न्हाय, मी न्हाय. समोर एक माणूस आणि त्याचा श्वास. तसलं मला दुसरीकडं कुटंच मिळत न्हाय. व्यायामशाळेत न्हाय, मेंढरांत बी न्हाय."

मला त्याचं म्हणणं कळलं. सोमवारी सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यापुढं कधीतरी, रोज नाही, वर्षातून एखाद्या वेळी, तसं काहीतरी मला होतं. ते दार माझ्यासाठी कायमचं लावलं तर मी काय करीन, मला माहीत नाही. भंडाऱ्याची वाटी माझ्या हातात होती. मागणाऱ्याला भंडारा नाही म्हणायचा नसतो. पण त्या कपाच्या पलीकडं गेलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"उजवा डोळा झाक," मी म्हटलं.

"कशाला?"

"झाक म्हणते न्हवं."

त्यानं तळहात ठेवला. मी वही उघडून त्याच्यापुढं धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

"श्री बिरोबा प्रसन्न," तो लगेच म्हणाला.

मी बोट खाली सरकवलं. "आणि हे?"

"श्री बिरोबा प्रसन्न. एकवीस डाव तेच लिवतीस, तेच्यात वाचायचं काय?"

"तितं 'गॅस संपला, नंबर लावला' असं लिवलंय, तम्मा."

मालकांनी पेपर खाली ठेवला. बिरप्पानं तळहात काढला नाही. तसाच बसून राहिला, जणू अजून थोडा वेळ दिला तर दिसेल.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"गणपतीपासनं. कडेनं काळं आल्यावाणी. आधी थोडं हुतं."

"पूनमला सांगितलंस?"

"न्हाय."

"आणि त्या मुंबईवाल्यांना डोळ्याचा दाखला लागंल की."

"एकजण देतो म्हणालाय. न तपासता."

मालक उठून त्याच्याजवळ येऊन बसले. त्यांनी या वेळी चेष्टा केली नाही. "बिरू, डावीकडनं येणारा हात तुला दिसणारच न्हाय. मेंढरू तरी बघून बिचकतंय. तू बिचकायचा बी न्हाईस."

बिरप्पानं तळहात खाली घेतला. बाहेर मागांचा आवाज नव्हता, रविवारमुळं. मग तो मला म्हणाला, "तू सांग. तुझ्या तोंडानं सांग. मला माझ्या मनानं जमत न्हाय."

सकाळपासून मला हेच नको होतं. एकदा माझ्या शब्दानं त्याच्या हातचं गेलं. आता जे उरलं होतं, जी एवढी दोन दिवसांची झळाळी तोंडावर आली होती, तीसुद्धा मीच काढून घ्यायची होती. मी वाटी खाली ठेवली.

"जाऊ नको," म्हटलं.

त्यानं मान हलवली. खिशातून फोन काढला आणि ओसरीवर गेला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. "साहेब, नाही जमणार. हो, डोळा. नाही, पैशाचं नाही हो." मग पलीकडून तो माणूस बराच वेळ बोलत असावा. बिरप्पा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हो, त्या दिवशी मीच जिंकलो होतो. आठवण ठेवलीत, बरं वाटलं." फोन बंद केला आणि पायरीवर बसला. मी बाहेर गेले नाही. त्याची पाठ दिसत होती. दोन्ही हात पुढं, जाळी धरल्यासारखे, आणि खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते.

आत आला तेव्हा डोळे कोरडे होते. "भंडारा लाव म्हटलंतं मी."

"लढायचं न्हाय तरी?"

"तरी."

मी लावला. कपाळावर, आणि दोन्ही पापण्यांवर, डावीवर जरा जास्त. पूनमला फोन त्यानंच करायचा असं मी सांगितलं, आणि काळ्या पडद्याचंही त्यानंच सांगायचं. त्यानं केला. ती पलीकडं रडली की रागावली, मला कळलं नाही. तो नुसता "व्हय, व्हय" म्हणत होता. मग जेवला. तीन भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, वर दही. मालक म्हणाले, "उतरवलेलं दीड किलो हितंच चढवून जाणार दिसतंय." तो हसला, पण घास चावताना मधेच थांबायचा आणि दाराकडं बघायचा.

जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "अक्का, कडी पडल्याचा आवाज तू ऐकायला पायजे हुतास एकदा."

"सांगितलास न्हवं," मी म्हटलं. "ऐकल्यासारखाच झाला."

"न्हाय होत," तो म्हणाला, आणि गेला.

रविवारी डोळ्यांचा दवाखाना बंद असतो. उद्या सकाळी आठला जाऊन त्याच्या नावाचा नंबर लावायचा आहे.